यम चा: हाँगकाँगमध्ये रविवारी ‘चहाला’ जाताना

हाँगकाँगमध्ये कुणी ‘रविवारी चहा प्यायला चला’ म्हणालं, तर घरून पोहे खाऊन निघू नका. मी निघालो होतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याने साडेदहाची वेळ दिली होती. चहाच तर आहे म्हणून मी व्यवस्थित नाश्ता उरकून गेलो, आणि पुढचे दोन तास टेबलावर एकामागून एक येणाऱ्या बांबूच्या करंड्यांकडे भरल्या पोटाने बघत बसलो.

या प्रकाराला कँटोनीज भाषेत ‘यम चा’ म्हणतात. यम म्हणजे पिणे, चा म्हणजे चहा. आपला चहा आणि त्यांचा चा एकाच मुळाचे. चहासोबत जे छोटे छोटे पदार्थ येतात ते ‘तिम सम’, मुंबई-पुण्यात आपण ज्याला डिमसम म्हणतो ते. पण हाँगकाँगची माणसं ‘डिमसम खायला चला’ असं सहसा म्हणत नाहीत, चहालाच बोलावतात. दक्षिण चीनमधलं ग्वांगजौ शहर आणि आसपासच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या जुन्या चहाघरांची ही रीत. त्या काळचा शब्दप्रयोग अजून वापरात आहे: ‘यात जुंग लेओंग गिन’, म्हणजे झाकणाचा एक कप चहा आणि दोन नग. आता दोन नगांवर कुणी थांबत नाही, पण क्रम तोच आहे. आधी चहा, मग खाणं, आणि दोन्हींच्या आडून गप्पा.

नव्या माणसाला इथे गोंधळायला होतं ते पदार्थांमुळे कमी आणि रीतीमुळे जास्त. म्हणून दारापासून बिलापर्यंत ओळीने सांगतो.

कुणाबरोबर आणि किती वाजता

एकट्याने जाऊ नका. एका करंडीत तीन किंवा चार नग असतात. एकटा माणूस दोन-तीन करंड्यांत गार होतो आणि तेवढ्यात चवी कळतात त्याही दोन-तीनच. चार माणसं असली की प्रत्येकाला साधारण एकेक नग आणि टेबलावर दहा-बारा प्रकार, असं गणित बसतं.

वेळ मात्र सांभाळा. रविवारी साडेअकरा ते दीड ही सगळ्यात वाईट वेळ, कारण तेव्हा आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत आख्खी कुटुंबं येतात. एक तर दहाच्या आत पोहोचा, नाहीतर दोननंतर जा. सकाळी लवकर गेलात तर वर्तमानपत्र उघडून एका किटलीवर तास काढणारे आजोबा दिसतील, तेही बघण्यासारखे असतात. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी दर उतरतात. मात्र ही सवलत शनिवार-रविवारी नसू शकते, तेव्हा विचारून घ्या.

दारात किती माणसं ते सांगून नंबराची चिठ्ठी घ्यायची. नंबर कँटोनीजमधून पुकारला जातो. कळत नसेल तर फलकावर डोळा ठेवा किंवा चिठ्ठी अधूनमधून दारातल्या बाईंना दाखवत राहा, त्यात कुणाला काही वाटत नाही. गर्दीत अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवलं तरी दचकू नका, ‘दाप थोय’ म्हणजे टेबल वाटून घेणं ही इथली जुनी सवय आहे. अशा वेळी शेजाऱ्याला मान हलवून नमस्कार पुरे. आपली किटली आपली, त्यांची त्यांची.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सेंट्रल या भागातल्या सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस सुचवतो. मोठ्ठा हॉल, खिडकीतून बंदर दिसतं, आणि मुख्य म्हणजे तिथे अजून करंड्या रचलेल्या ढकलगाड्या टेबलांमधून फिरतात. शहरात आता गाड्यांची ठिकाणं मोजकीच उरली आहेत. भाषा येत नसली तरी गाडीपाशी बोट दाखवून काम होतं. त्याच भागात स्टॅन्ली स्ट्रीटवर लूक यू चहाघर आहे. ते 1933 पासूनचं, या रस्त्यावर मात्र नंतर आलं. चहावर आठव्या शतकात ग्रंथ लिहिणाऱ्या लू यूचं नाव त्याला दिलेलं आहे. जागा देखणी, पण महाग. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जा.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न: कुठला चहा?

वेटर मेनू देण्याआधी चहा विचारतो. इथे ‘कुठलाही’ म्हणू नका, नाव सांगा. दूध नाही, साखर नाही, आलं-वेलची नाही, हे आधीच मनाला समजावून ठेवा.

‘पो लेय’ हा आंबवलेला, काळपट, मातकट वासाचा चहा. तळणीचं आणि चरबीचं खाणं याच्यामुळे जड वाटत नाही असं इथे सगळे मानतात, आणि माझाही अनुभव तोच आहे. पहिल्या घोटाला पावसात भिजलेल्या गोणपाटाची आठवण येते, तिसऱ्या खेपेला सवय होते. त्यात शेवंतीची फुलं घातली की ‘गुक पो’. तो नवख्यांना जास्त आवडतो. ‘हेओंग पिन’ म्हणजे मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांचा वास दिलेला चहा, तो कुणालाही चालतो. ‘थित गुन याम’ थोडा कडक, ‘साउ मेय’ सौम्य. ठरत नसेल तर गुक पो मागवा.

टेबलावर बहुतेक दोन किटल्या येतात, एक चहाची आणि दुसरी नुसत्या गरम पाण्याची. सोबत एक मोठा वाडगा. हा वाडगा आणि पहिला चहा पिण्यासाठी नसतो! कप, वाटी, चमचा, चॉपस्टिक हे सगळं त्या पहिल्या गरम चहाने विसळायचं आणि ते पाणी वाडग्यात ओतायचं. भांडी स्वच्छच असतात, पण पूर्वीची सवय सुटलेली नाही. कप वाटीत आडवा धरून फिरवत फिरवत धुण्याची इथल्या बायकांची हातोटी बघत राहावी अशी असते. तुम्ही साध्या पद्धतीने विसळलंत तरी चालेल. मी पहिल्या दिवशी समोर ओतलेला हा चहा भक्तिभावाने पिऊन टाकला होता. टेबलावरचं कुणीही हसलं नाही, आणि त्यामुळेच जास्त लाज वाटली.

चहा ओतताना आधी टेबलावरच्या मोठ्यांचा कप, मग इतरांचे, शेवटी आपला. स्वतःचाच कप भरून किटली खाली ठेवणं वाईट दिसतं. दुसरा कुणी तुमच्या कपात चहा ओतत असेल तेव्हा पहिली दोन बोटं जरा वाकवून टेबलावर हलकेच दोन-तीनदा टकटक करायची. हे झालं ‘आभारी आहे’. आख्यायिका अशी, की चीनचा छ्येनलुंग बादशहा वेश पालटून फिरत असताना एका चहाघरात त्याने आपल्याच सेवकांच्या कपात चहा ओतला. लोटांगण घालावं तर बिंग फुटणार, म्हणून सेवकांनी बोटांनाच लोटांगण घालायला लावलं. खरं-खोटं कोण जाणे, पण सोय उत्तम आहे. तोंडात घास असताना, बोलणं न तोडता आभार मानता येतात.

किटली रिकामी झाली की झाकण उचलून तिरकं ठेवायचं. हाका मारायची गरज नाही, कुणीतरी येऊन पाणी भरून जातं. पाणी भरण्याचे पैसे नसतात, पण चहाचे माणशी पैसे लागतात, पाच कप प्या की अर्धा.

मागवायचं कसं

गाडी असेल तर टेबलावर एक छापील कार्ड ठेवलेलं असतं. गाडीवाल्या मावशी झाकण उचलून दाखवतात, तुम्ही मान डोलावलीत की करंडी टेबलावर आणि कार्डावर शिक्का. नको असेल तर हात हलवून ‘म् साय’ म्हणा, जमल्यास पुढे ‘म् गोय’ जोडा. ‘म् गोय’ हा इथला सगळ्यात कामाचा शब्द आहे. वेटरला हाक मारताना, वाट मागताना, कुणी काही आणून दिल्यावर, सगळीकडे चालतो. ते कार्ड मात्र जपा, बिल त्याच्यावरच होतं.

गाडी नसेल तर पदार्थांच्या यादीचा कागद आणि पेन्सिल मिळते, किंवा आजकाल फोनवर क्यूआर कोड. किती करंड्या हव्यात तो आकडा नावापुढे लिहायचा. कार्डावर आणि कागदावर लहान, मध्यम, मोठा, खास असे रकाने दिसतील. ते आकाराचे नसून किमतीचे असतात. ‘मोठा’ म्हणजे मोठी करंडी समजून खूण केलीत तर करंडी तेवढीच येईल, बिल मात्र मोठं येईल.

माणशी दोन ते तीन करंड्या धरा, पण सगळ्या एकदम मागवू नका. वाफवलेले पदार्थ दहा मिनिटांत निवतात आणि त्यांची मजा जाते. निम्मे मागवा, खा, मग पुन्हा कागद मागा. टेबलासाठी वेळेची मर्यादा असेल (रविवारी बऱ्याच ठिकाणी दीड तास असते) तर दुसरी खेप अर्ध्या तासाच्या आत लिहून द्या.

करंड्यांत काय असतं

सुरुवात ‘हा गाव’पासून करा. हा म्हणजे कोळंबी. उकडीचे मोदक वळणाऱ्या घरातल्या माणसाला हा पदार्थ एका नजरेत कळतो. पारी तांदळाच्या पिठीऐवजी गव्हाच्या सत्त्वाची असते, आपण कुरडयांसाठी जो चीक काढतो त्याच्यातलं. ते कढत पाण्यात मळलं की वाफवल्यावर पारी काचेसारखी होते आणि आतली गुलाबी कोळंबी दिसते. कळ्या निदान सात हव्यात, चांगला आचारी दहाच्या वर पाडतो. चॉपस्टिकने उचलताना पारी फाटली किंवा खालच्या कागदाला चिकटली, तर स्वयंपाकघरात आज मुख्य आचाऱ्याची सुट्टी आहे असं समजा. करंडी आल्या आल्या खा. निवल्यावर पारी चामट होते, थेट शिळ्या मोदकासारखी.

हा गावच्या जोडीला ‘सिऊ माय’ ठरलेलं: पिवळसर पारी, तोंड उघडं, आत डुकराचं मांस आणि कोळंबी. मग ‘चा सिऊ बाव’, गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सारण भरलेला पांढराशुभ्र वाफवलेला गोळा, वरून फुलासारखा उमललेला. खालचा कागद सोलून काढा, दरवेळी टेबलावरचा कुणीतरी तो खातोच. ‘बाव’ ऐकून आपला पाव आठवतो, पण नातं काही नाही. पाव पोर्तुगीजांनी आणला आणि बाव चिनीच. या तिघांना आणि ‘दान तात’ या अंड्याच्या गोड टार्टला मिळून ‘चार स्वर्गीय राजे’ म्हणतात. पहिल्या खेपेला हे चार आले म्हणजे पाया झाला.

‘चेओंग फन’ म्हणजे तांदळाचं अगदी पातळ घावन वाफवून त्यात कोळंबी किंवा मांस गुंडाळलेलं, वरून गोडसर सोया सॉस. इतकं निसरडं की चॉपस्टिकची खरी परीक्षा इथेच. नाही जमलं तर चमचा घ्या.

‘लो बाक गो’ला इंग्रजी मेनूत सलगमाचा केक म्हणतात, पण तो मुळ्याचा असतो. किसलेला पांढरा मुळा आणि तांदळाची पिठी एकत्र वाफवायची, वड्या कापायच्या आणि तव्यावर खरपूस परतायच्या. कोथिंबीरवडीचीच कृती की! फरक आतल्या ऐवजाचा: त्यात सुकवलेलं सॉसेज आणि सोडे असतात. कोकणातल्या माणसाला सोड्यांचा वास आला की तो टेबलाचा ताबा घेतो.

‘फुंग जाव’ म्हणजे ‘फिनिक्सचे पंजे’, अर्थात कोंबडीचे पाय. आधी तळतात, मग पाण्यात भिजवून कातडी फुगवतात, मसाल्यात शिजवतात आणि काळ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवतात. एवढा खटाटोप ज्याच्यावर होतो ते मांस जवळजवळ नसतंच. खायची असते ती मऊ कातडी. एक बोट तोंडात घ्यायचं, चोखायचं, हाडं बशीत काढून ठेवायची. पायांचं तिखट सूप ओरपणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये. नको वाटलं तर गप्प ‘म् साय’ म्हणा. ‘शी’ म्हणू नका, समोरच्या आजींचा तो आवडता पदार्थ असण्याची शक्यता दाट आहे.

कमळाच्या पानातली पुडी आली तर ती ‘लो माय गाय’. पान उघडायचं, आतला चिकट भात खायचा, पान खायचं नाही. पानाचा वास भातात उतरलेला असतो, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांत उतरतो तसा. चौघांत एकच मागवा, पोट भरून जातं.

तिखटाशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांनी ‘लात जिऊ जेओंग’ मागावा, मिरचीचा सॉस मिळेल. घरून ठेच्याची बाटली नेणारे मराठी लोक मी पाहिले आहेत. कोळंबीच्या हा गाववर ठेचा घालणं मला पाप वाटतं, लो बाक गोवर मात्र झकास लागतो.

गोडात दान तात गरम असताना खा. पीठ दोन प्रकारचं असतं, पापुद्र्यांचं आणि बिस्किटासारखं. मी पापुद्र्यांच्या बाजूचा. ‘जिन देओई’ हे तिळात घोळवून तळलेले चिकट तांदळाचे पोकळ गोळे. ‘लाउ सा बाव’मध्ये खारवलेल्या अंड्याच्या बलकाचं वितळलेलं गोड सारण असतं. ते जिभेला चटका देतं आणि शर्टावर उडतं, म्हणून आधी लहानसं भोक पाडा. आंब्याचं पुडिंगही मिळतं. हापूसवाल्यांनी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

गाय म्हणजे कोंबडी, आणि ‘ङ’चा उपयोग

काय खातो ते कळायला हवं असेल तर चार-पाच शब्द पाठ करा. मेनूत रोमन लिपीत जे वाचून आपण ‘गाय’ म्हणतो ती कोंबडी. बीफला शब्द आहे ‘ङाउ’. शाळेत क-ख-ग-घ नंतर घोकलेल्या ‘ङ’चा शब्दाच्या सुरुवातीला उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच होतो तो इथे. तरुण मुलं आळसाने नुसतं ‘आउ’ म्हणतात, तेही ओळखू यायला हवं. डुक्कर ‘ज्यू’, मासा ‘यू’, कोळंबी ‘हा’, भाजी ‘चोय’. बीफ टाळणाऱ्यांनी वाफवलेले मोठे गोल गोळे आणि पांढऱ्या जाळीदार पट्ट्या यांच्यापासून लांब राहावं. गोळे बीफचे असतात, पट्ट्या गाईच्या कोठ्याच्या.

शाकाहारी मंडळींना खरं सांगायचं तर नेहमीच्या यम चात तुमचे हाल आहेत. मुळ्याच्या वड्यांत सॉसेज, भाजीवर कालवांचा सॉस, तळलेल्या अरवीच्या गोळ्यात मांस, आंब्याच्या पुडिंगमध्ये जिलेटिन, पिठाच्या पदार्थांत डुकराची चरबी असू शकते. वेटर ‘यात मांस नाही’ म्हणाला तरी सोडे आणि चरबी त्याच्या लेखी मांसात धरलेली नसू शकते. त्यातल्या त्यात ‘जा लेओंग’ बघा. तळलेल्या पिठाच्या कांडीभोवती तांदळाचं घावन गुंडाळलेलं असतं, हे बहुधा जमून जातं.

पण याहून चांगला मार्ग आहे. बौद्ध शाकाहारी उपाहारगृहांत जा. ‘जाय’ हा शब्द पाठ करा, अर्थ शाकाहारी. तिथे मांसाबरोबर कांदा-लसूणही सहसा नसतो, त्यामुळे चातुर्मासातसुद्धा निभावतं. जैन मंडळींनी मात्र अरवी-मुळा विचारून घ्यावा. डायमंड हिल स्टेशनजवळच्या नान लियान बागेत धबधब्यामागे ची लिन मठाचं शाकाहारी उपाहारगृह आहे. आई-वडील भारतातून आले की मी त्यांना तिथेच नेतो. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बरेच लोक शाकाहार पाळतात. तेव्हा अशा ठिकाणी रांग लागते, पंचांग बघून जा.

टेबलावरच्या दोन-तीन गोष्टी

टेबल गोल आणि मधली तबकडी फिरती असेल तर ती फिरवण्याआधी कुणी वाढून घेत नाही ना ते बघा. सामायिक चॉपस्टिक वेगळ्या रंगाच्या असतात, वाढून घ्यायला त्या, खायला आपल्या. भातात चॉपस्टिक उभ्या खोवू नका, मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. करंडीतला शेवटचा नग सहज उचलू नका, आधी दुसऱ्याला विचारा. तो नको म्हणेल, तुम्ही आग्रह कराल, तो पुन्हा नको म्हणेल. हा खेळ आपल्याला कुणी शिकवायला नको.

बिल

वेटरला ‘म् गोय, माय दान’ म्हणायचं, किंवा हवेत सही केल्यासारखा हात करायचा. बिलात करंड्या, माणशी चहा, आणि बहुतेक ठिकाणी 10 टक्के सेवाशुल्क असतं. न मागता आलेल्या शेंगदाण्यांच्या किंवा लोणच्याच्या बशीचेही पैसे लागू शकतात. नको असेल तर बसताक्षणीच परत पाठवा, दोन दाणे खाल्ल्यावर नाही. उरलेलं बांधून न्यायला ‘दा बाव’ म्हणा, डबे मिळतात.

आता खरी झटापट. बिल कोण देणार यावर हाँगकाँगकर भांडतात, मनगटं धरतात, काही जण स्वच्छतागृहाच्या नावाखाली उठून गुपचूप पैसे भरून येतात. तुम्हाला कुणी बोलावलं असेल तर पाकिटाकडे एकदा मनापासून हात न्या, मग माघार घ्या आणि जागच्या जागी सांगा, ‘पुढच्या रविवारी चहा माझ्याकडून’. तारीखही तेव्हाच ठरवा.

गाड्यांच्या गजबजलेल्या चहाघरांत तुम्ही पाकीट काढलंत की तुमच्या खुर्चीमागे कुणीतरी येऊन उभं राहतं. बहुधा आजी असतात, एका हाताने नातवाला धरलेलं, दुसरा हात तुमच्या खुर्चीच्या पाठीवर. घाई करतात असं वाटून रागावू नका. शेवटचा कप संपवा, उठा आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवून द्या. तुम्ही पिशवी उचलेपर्यंत त्यांनी वेटरला पो लेय सांगून टाकलेला असतो.